गोदाकाठचे गाडीरस्ते आणि साष्टीचे रान : मुंबई पाहण्यापूर्वी वाचावा असा इतिहास

#इतिहासधागा

१/२६
मुंबई महानगरात आजही बिबटे राहतात. हिवाळ्यात तिच्या खाडीवर हजारो रोहित पक्षी उतरतात. याच शहरात आणि त्याच्या बंदरात जागतिक वारसा यादीतील तीन स्थळे आहेत : घारापुरी (१९८७), छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४) आणि ओव्हल मैदानाभोवतीचा गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूह (२०१८). इतक्या दाट वस्तीत रान आणि वारसा एकत्र टिकले कसे? या प्रश्नाचे उत्तर समुद्रकिनाऱ्यावर सुरू होत नाही. ते गोदावरीच्या काठावर सुरू होते.

२/२६
जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याचे वडीगोद्री हे गाव छत्रपती संभाजीनगर–बीड मार्गावर वसले आहे. येथून दक्षिणेस थोड्याच अंतरावर, शहागडापाशी, हा मार्ग गोदावरी ओलांडतो. नदीच्या वरच्या अंगास पैठण आहे, म्हणजेच सातवाहनांचे प्रतिष्ठान. समुद्र येथून सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर दूर. तरीही दोन हजार वर्षांपूर्वी या पट्ट्याचे किनाऱ्याशी असलेले नाते सागरपार नोंदले गेले होते.

३/२६
ती नोंद आहे ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रंथात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक भाषक खलाशी-व्यापाऱ्याने लिहिलेली ही समुद्रमार्गाची माहितीपुस्तिका. तीत पैठण भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आजचे तेर, त्याच्याही पूर्वेस दहा दिवसांवर असल्याचे सांगितले आहे. पैठणहून गोमेदासारखे रंगीत खडे आणि तेरहून साधे कापड व मलमल गाड्यांवर लादून किनाऱ्याकडे जात. रस्ता अवघड होता, असेही तो लेखक नमूद करतो.

४/२६
याच पुस्तिकेत कल्याण आणि सोपारा या बंदरांची नावे येतात. कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते. मात्र पुढे सत्ता बदलली आणि तेथे अडवणूक सुरू झाली, चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे लेखक सांगतो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या संघर्षाची ही सावली आहे. देशावरचा माल कोणत्या बंदरातून जाईल, यावर राज्यांचे उत्पन्न अवलंबून होते.

५/२६
देशावरून कोकणात उतरणारी मुख्य वाट होती नाणेघाट. पैठणकडून येणारे तांडे जुन्नरला पोहोचत आणि तेथून घाट उतरत. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा त्यात आकड्यांसह कोरल्या आहेत. गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण यांची ती यादी वाचली की घाटावरून वाहणाऱ्या संपत्तीचा अंदाज येतो. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीसाठी होता, अशी परंपरागत समजूत आहे.

६/२६
घाट उतरला की कल्याण, आणि त्यापलीकडे खाड्यांनी वेढलेले साष्टी बेट. उत्तरेस वसईची खाडी व तिच्यापल्याड सोपारा, पूर्वेस ठाण्याची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र. बेटाच्या मध्यभागी दाट झाडीचे डोंगर. बंदरे जवळ, पण गजबजाटापासून दूर, अशा या डोंगरात बौद्ध भिक्षूंनी वस्ती केली. डोंगराचे नाव कृष्णगिरी, प्राकृतात कण्हगिरी, आणि आजच्या बोलीत कान्हेरी.

७/२६
कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांचे खोदकाम इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास सुरू झाले आणि तेथील वसती सुमारे हजार वर्षे टिकली. तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले. ते खोदवणारे दोन व्यापारी बंधू होते. राजाचे नाव लेखात कालनिर्देशासाठी येते, खर्च मात्र व्यापाऱ्यांच्या थैलीतून झालेला दिसतो.

८/२६
कान्हेरीचे शिलालेख हा त्या काळच्या समाजाचा पटच आहे. व्यापारी, सोनार, लोहार, भिक्षुणी, गृहिणी असे दाते येथे भेटतात. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याचे टाके, कोणी बसण्याचा ओटा, कोणी वाट. त्यांची गावेही दिली आहेत : कल्याण, सोपारा, नाशिक, चौल. राजेरजवाड्यांच्या इतिहासात ज्यांना जागा मिळत नाही, त्यांची नावे येथे दगडात आहेत.

९/२६
यातील एक लेख मराठवाड्याच्या वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. त्यात दात्याने ठिकठिकाणी केलेल्या दानांची जंत्री आहे. कल्याणच्या अंबालिका विहाराबरोबरच प्रतिष्ठानच्या परिसरातील एका विहारात चैत्यगृह आणि तेरा खोल्या बांधून दिल्याचा उल्लेख त्यात येतो. म्हणजे साष्टीच्या रानात दान देणाऱ्याच्या मनात गोदावरीचा काठ परका नव्हता. व्यापाराचा मार्ग आणि धर्माचा मार्ग एकच होता.

१०/२६
आता पाण्याकडे वळावे. कोकणात पाऊस चार महिने धो धो कोसळतो आणि आठ महिने डोंगर कोरडा पडतो. शेकडो माणसांनी वर्षभर येथे राहायचे, तर पाणी साठवणे भाग होते. म्हणून कान्हेरीच्या जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेले टाके दिसते. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कातळावर कोरलेल्या अरुंद पन्हळी पावसाचे पाणी वळवून या पोढींत आणतात. साष्टीच्या डोंगरावरची ही सर्वांत जुनी पाणीयोजना.

११/२६
या वस्तीचा चरितार्थ ‘अक्षयनीवी’वर चालत असे. अक्षयनीवी म्हणजे मूळ रक्कम कधीही न मोडता तिच्या उत्पन्नातून खर्च भागवण्यासाठी दिलेली ठेव. कार्षापण किंवा शेत अशा स्वरूपात ती दिली जाई आणि तीतून भिक्षूंची चीवरे व पादत्राणे यांची सोय होई. अशा एका लेखात ‘मगलठाण’ या गावचे शेत दान दिल्याची नोंद आहे. हे गाव म्हणजे बोरिवलीजवळचे मागाठाणे. आज मेट्रोच्या फलाटावर वाचायला मिळणारे हे नाव इतके जुने आहे.

१२/२६
इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, त्याचे मांडलिक शिलाहार कोकणात राज्य करीत होते. तेव्हाही कान्हेरीला देणग्या मिळत होत्या. त्यानंतरचा एक पुरावा फारच विलक्षण आहे. ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. १००९ आणि १०२१ या वर्षी येथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे आणि तारखा कोरून ठेवल्या. लेणी पाहायला आलेल्या परधर्मीय पाहुण्यांची ही हजार वर्षांपूर्वीची नोंद.

१३/२६
पुढे मठ ओस पडले आणि रानाने लेण्यांना कवेत घेतले. १५३४ च्या तहाने वसईसह हा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी बळकावली आणि सालबाईच्या तहाने (१७८२) ती त्यांच्याकडेच राहिली. दक्षिणेकडील मुंबई बेट मात्र इंग्रजांना १६६१ च्या विवाहकरारात आंदण मिळाले होते. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने ते वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीला दिले.

१४/२६
मुंबई बेटाची वस्ती वाढत गेली आणि तळी व विहिरी अपुऱ्या पडू लागल्या. १८५० च्या दशकात पाऊस दगा देई तेव्हा शहरावर पाणीसंकट कोसळे. उपाय शोधताना अभियंता हेन्री कॉनिबेअर याची नजर साष्टीच्या त्याच डोंगरांकडे वळली. मिठी नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यात बांध घालून विहार तलाव झाला (१८६०) आणि नळाने पाणी शहरात आले. १८७९ मध्ये त्याच्या वरच्या अंगाला तुळशी तलाव झाला.

१५/२६
येथेच रानाचे भवितव्य ठरले. तलावाचे पाणी स्वच्छ राहायचे, तर पाणलोटात वस्ती, शेती आणि लाकूडतोड यांना आवर घालणे आवश्यक होते. पुढच्या शंभर वर्षांत साष्टीचा सपाट भाग रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंनी भरून गेला, पण विहार–तुळशीभोवतीचे डोंगर राखले गेले. बिबट्याला वाचवावे असा विचार तेव्हा कोणी केला नव्हता. उलट वाघ-बिबटे मारल्याबद्दल बक्षिसे दिली जात. नळाच्या पाण्यासाठी राखलेल्या रानात तो आपोआप तगला.

१६/२६
विहारचे पाणी मुंबईत पोहोचले आणि दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१–६५). अमेरिकेचा कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर विसंबू लागल्या आणि मुंबईच्या बाजारात भाव कडाडले. वऱ्हाड, खानदेश, मराठवाड्याची काळी जमीन म्हणजे कापसाची जमीन. पैठण–तेरचे कापड ज्या दिशेने बैलगाड्यांतून गेले, त्याच दिशेने आता कापसाचे गठ्ठे रेल्वेने निघाले. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, बॅक बे भरणी कंपनीचे शेअर मातीमोल झाले आणि अनेक धनिक दिवाळखोर ठरले.

१७/२६
त्या चार वर्षांच्या उधाणाने शहराचे रूप मात्र पालटले. गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या कारकिर्दीत (१८६२–६७) जुन्या कोटाचे तट पाडले गेले आणि मोकळ्या जागेवर सार्वजनिक इमारतींची रांग आखली गेली. विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह (१८७४), उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर (दोन्ही १८७८) याच आखणीची फळे. टॉवरला देणगी देणारे प्रेमचंद रायचंद हे कापूस व शेअरबाजारातील बडे व्यापारी. राजाबाई हे त्यांच्या मातोश्रींचे नाव.

१८/२६
या मालिकेचा कळस म्हणजे बोरीबंदरचे रेल्वे टर्मिनस. १६ एप्रिल १८५३ रोजी येथूनच देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्याला धावली होती. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये सध्याच्या इमारतीचे काम सुरू झाले आणि ते दहा वर्षे चालले. देशावरचा कापूस ज्या रेल्वेने बंदरात आणला, त्या रेल्वेचे हे मुख्यालय. नाणेघाटातील लेण्याला जो मान सातवाहन काळात होता, तो १९ व्या शतकात या घुमटाला मिळाला.

१९/२६
ही इमारत पाहताना नजर प्राण्यांवर ठेवावी. प्रवेशद्वारी दोन खांबांवर सिंह आणि वाघ बसले आहेत : सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. कमानींवर मोर, माकडे, पाने-फुले कोरली आहेत. या कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. त्याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. मराठवाड्यातील लेण्यांचे हत्ती-हंस रेखाटणारी ती पिढी मुंबईच्या इमारती सजवणारीही होती.

२०/२६
दगडी प्राण्यांतला सर्वांत जुना रहिवासी भायखळ्याच्या राणीच्या बागेत भेटतो. घारापुरीच्या किनाऱ्यावर पाषाणाचा एक प्रचंड हत्ती होता. त्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, पण उचलताना हत्ती भंगला. त्याचे तुकडे पुढे जोडण्यात आले. ज्या संग्रहालयाच्या आवारात तो आज उभा आहे, ते १८७२ मध्ये खुले झाले. अजिंठ्याच्या शिलालेखांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव त्याला १९७५ मध्ये देण्यात आले.

२१/२६
याच संग्रहालयात १८८३ च्या सप्टेंबरात आठ निसर्गप्रेमी एकत्र जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते : प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक सखाराम अर्जुन. हे सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. पुढे सालिम अली यांच्या कार्यामुळे ही संस्था देशाच्या पक्षिविद्येचे केंद्र बनली. मुंबईत वास्तू आणि वन्यजीव यांचा अभ्यास असा एकाच छपराखाली सुरू झाला.

२२/२६
स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५० मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा कायदा केला आणि कान्हेरीभोवतीच्या रानाला कृष्णगिरीचे प्राचीन नाव देऊन संरक्षण मिळाले. क्षेत्र टप्प्याटप्प्याने वाढत गेले. आजचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. विहार, तुळशी आणि कान्हेरी ही तिन्ही त्याच्या पोटात आहेत. भिक्षूंची पोढी, इंग्रजांचा तलाव आणि प्रजासत्ताकाचे अभयारण्य हे एकाच डोंगराचे तीन थर आहेत.

२३/२६
हे सहजीवन सुखाचेच आहे असे नाही. २००२ ते २००४ या काळात बिबट्यांच्या हल्ल्यांत उद्यानाभोवतीच्या अनेकांचे प्राण गेले. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्याने संघर्ष वाढतो, हे विद्या अत्रेय यांच्या जुन्नर परिसरातील अभ्यासातून पुढे आले होते; नाणेघाटाच्या माथ्यावरचेच हे जुन्नर. उकिरड्यांमुळे भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या, हेही स्पष्ट झाले. २०१५ च्या कॅमेरा गणनेत ३५ बिबटे नोंदले गेले. उद्यानातील पाड्यांवरील वारली कुटुंबांना हा शेजार नवा नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला पूजत आले आहेत.

२४/२६
खाडीची कथाही अशीच. शिवडीच्या १७ व्या शतकातील किल्ल्याखाली ओहोटीच्या वेळी चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात आणि त्यांवर रोहितांचे थवे चरतात. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पैठणच्या नाथसागरावरही रोहित येतात. १९८६ पासून तेथे जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. वडीगोद्रीच्या पट्ट्यातील तरुणाला हा पक्षी पाहण्यासाठी मुंबई गाठावीच लागते असे नाही.

२५/२६
पण जे राखले, ते कायमचे राखले गेले असे मानण्यास इतिहास आधार देत नाही. सोपारा पाहावे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उघडला, अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडाही सापडला. सम्राटाने जेथे शिलालेख कोरवले, ते बंदर गाळाने संपले. आज दाट वस्तीत स्तूपाचा उंचवटा तेवढा उरला आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरेमध्ये मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली तेव्हा शहर याच प्रश्नापुढे उभे होते. आज मुंबईचे बहुतांश पाणी दूरच्या धरणांतून येते. ज्या गरजेने हे रान वाचवले ती ओसरली आहे. आता ते केवळ लोकांच्या इच्छेवर उभे आहे.

२६/२६
जालन्याहून रेल्वेने मुंबईला येणाऱ्याने पहिला दिवस टर्मिनस, ओव्हल मैदान आणि भायखळ्याचा दगडी हत्ती यांना द्यावा. दुसरा दिवस कान्हेरीला. सोमवारी उद्यान आणि लेणी बंद असतात. रोहितांसाठी हिवाळा ते उन्हाळ्याचा आरंभ आणि ओहोटीची वेळ साधावी. कान्हेरीत तिसऱ्या लेण्याचे चैत्यगृह पाहून थांबू नये. वरच्या कातळावर चढून पन्हळींचा माग काढावा, दारापाशी कोरलेली ब्राह्मी अक्षरे शोधावीत. पैठणचे नाव याच डोंगरावर कोरलेले आहे, आणि पावसाळ्यानंतर गेल्यास पोढींत अजूनही पाणी असते.

#मुंबई #कान्हेरी #सातवाहन #मराठवाडा